गिटारच्या टॉपवर ब्रिज चिकटवायचाय : लॅकर किती आणि कसं खरवडू?

अनुनाद | ९ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष शनिवार-रविवार घालवून एक गिटार बांधतेय. ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) आकाराची, स्टीलच्या तारांची. टॉप, म्हणजे वरची फळी, सिटका स्प्रूसच्या लाकडाचा, २.८ मिमी जाडीचा, पाठ आणि बाजू शिसवी, आत एक्स-ब्रेसिंग, म्हणजे फुलीच्या आकारातल्या आधारपट्ट्या. मान बसली, फ्रेट बसल्या, पॉलिश झालं. आता फक्त ब्रिज, म्हणजे टॉपवरची तारा अडकवायची लाकडी पट्टी, उरलाय आणि नेमके इथेच हात थांबलेत.

चूक माझीच. लॅकर मारण्याआधी ब्रिजची जागा टेपने झाकायची राहून गेली. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचे आठ हात सगळ्या टॉपवर सारखे बसलेत. ब्रिज लाकडाला लाकूड असाच चिकटला पाहिजे, एवढं वाचून माहीत आहे. पण पॉलिश नेमकं कुठपर्यंत काढायचं? थिनर लावून काढू की खरवडून? ब्रिज खालून सपाट आहे आणि टॉपला थोडा फुगवटा आहे, ते क्लॅम्प आवळल्यावर बसेल का?

एवढं घाबरायचं कारण सांगते. बाबांकडे एक साधी कलकत्त्याची गिटार होती. मी शाळेत असताना तिचा ब्रिज दोनदा निघाला. दुसऱ्या खेपेला दुरुस्तीवाल्याने ब्रिजमधून आरपार दोन नटबोल्ट घातले, वरून शिंपल्याच्या टिकल्या लावल्या. त्यानंतर ब्रिज निघाला नाही, पण दोन-तीन वर्षांत ब्रिजच्या मागे टॉपला पोट आलं, पुढे खळगा पडला आणि तारा इतक्या वर गेल्या की बाबांना बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा कॉर्ड, धरवेना. त्यांनी ती कपाटावर ठेवली, ती पुन्हा खाली उतरली नाही. ही नवी गिटार मला बोल्टाशिवाय उभी करायची आहे.

मी पुण्यात, कोथरूडला. काम गॅलरीत चालतं.

---

मधली_तार | ९ जुलै, रात्री ११:०२

अभिनंदन ताई, पहिलीच गिटार आणि तीही घरी! माझा अनुभव फक्त दुरुस्तीचा. पण बोल्टाला इतकं वाईट का म्हणायचं? माझ्या गिटारला बोल्ट आहेत, बारा वर्षं काही झालेलं नाही.

---

सुतारपक्षी | १० जुलै, सकाळी ६:५०

अनुनादताई, आधी एक सांगतो : चाकू उचलू नका. पहिली दोन संध्याकाळं फक्त मापं घ्या.

मी कोल्हापूरचा, मूळ धंदा फर्निचरचा, गिटारी गेली सोळा वर्षं करतोय. माझ्याकडे ब्रिज निघालेल्या जितक्या गिटारी आल्या, त्यात गोंद वाईट होता अशा फार थोड्या. बाकी सगळीकडे गोंदाला धरायला लाकूडच मिळालं नव्हतं, किंवा ब्रिज टॉपवर नीट बसलाच नव्हता. गोंद लावणं आणि क्लॅम्प आवळणं हे दहा मिनिटांचं काम आहे. खरा ब्रिज त्याआधीच बसतो किंवा बसत नाही.

मधली_तार, बोल्ट धरून ठेवतो हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण तो दोन बिंदूंवर धरतो. साध्या १२-५३ च्या सेटच्या (आकडे म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सहा तारा मिळून सत्तर किलोच्या वर ओढतात, आणि तीही टॉपपासून जवळपास अर्धा इंच उंचीवरून. म्हणजे ब्रिज नुसता सरकू पाहत नाही, मागची कड उचलून पुढे कोलमडू पाहतो. हा भार चिकटलेल्या सगळ्या जागेवर पसरला तर टॉप तो पेलतो. सांधा सुटलेला असताना फक्त बोल्टावर ब्रिज उभा असेल तर ताईंच्या बाबांच्या गिटारचं झालं ते होतं. चांगल्या चिकटलेल्या ब्रिजला बोल्ट असला तर बिघडत नाही, नसला तरी बिघडत नाही.

आता माप. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, बोल्टाचा नट नव्हे) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा, ती झाली स्केल. तुमची ६४५ मिमीची स्केल असेल तर ३२२.५ यायला हवं. पण सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) बरोबर ६४५ वर ठेवली तर वरचे सूर चढे लागतील, कारण तार दाबली की ताणली जाते. म्हणून पहिल्या तारेला अडीच-तीन मिमी आणि सहाव्या तारेला पाचच्या आसपास जास्त द्यायचे. सॅडलची खाच तिरपी असते ती याचसाठी. नंतर नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून शिवणाचा दोरा काढून ब्रिजवरच्या तारा अडकवायच्या पिनांच्या भोकांपर्यंत ताणा आणि बघा : फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून दोरे सारख्या अंतरावर जातात का? एक मिमी इकडेतिकडे झालं तर पहिली तार आयुष्यभर फ्रेटबोर्डवरून घसरत राहील. जागा पक्की झाली की ब्रिजच्या पहिल्या आणि सहाव्या पिनेच्या भोकातून टॉपला बारीक भोकं पाडा आणि त्यात खुंट्या घाला. गोंद लावल्यावर ब्रिज साबणासारखा घसरतो, तेव्हा या दोन खुंट्या तुम्हाला वाचवतात.

हे झालं की लिहा. पॉलिशचं रात्री सांगतो.

---

दर्यावर्दी | १० जुलै, दुपारी २:३०

सुतारपक्षी, तुमचं वाचून माझं जुनं कोडं सुटलं. मी देवगडचा. माझ्या गिटारचा ब्रिज पहिल्यांदा निघाला तेव्हा सगळे म्हणाले खारी हवा, दमटपणा, आपल्याकडे असंच होणार. शहरातल्या एका दुकानात नेली, त्यांनी चिकटवून दिली. आठ महिन्यांत परत निघाला. त्या वेळी मी ब्रिज हातात घेऊन नीट पाहिला. खालच्या बाजूला गोंदाचा थर काचेसारखा गुळगुळीत होता, लाकडाची एक कूसही त्याला लागलेली नव्हती. टॉपवर ब्रिजच्या आकाराच्या आत अडीच-तीन मिमीची चकचकीत पट्टी चारही बाजूंनी तशीच होती. म्हणजे कडेला गोंद पॉलिशवरच होता! हवेचा दोष थोडा असेल, पण मूळ दुखणं हे असावं ना?

---

सुतारपक्षी | १० जुलै, रात्री ९:४०

दर्यावर्दी, अगदी हेच. सांधा नीट झालेला असेल तर ब्रिज निघताना स्प्रूसचे तंतू सोबत ओरबाडून आणतो. स्वच्छ निघालेला ब्रिज म्हणजे तो कधी चिकटलाच नव्हता.

त्या पट्टीचा हिशोब करून बघा. ब्रिज १५० बाय ३५ मिमी धरा, म्हणजे साडेबावन्न चौरस सेंमी. चारही बाजूंनी २ मिमी पॉलिश राहिलं तर उरतं १४६ बाय ३१, साधारण सव्वापंचेचाळीस. चौदा टक्के जागा गेली. आणि गेली ती कुठली, तर मागची कड, जिथे ओढ सगळ्यात जास्त. तिथे केसाएवढी फट पडली की पुढचं काम ती स्वतःच करते. बऱ्याच कारखान्यांत ही पट्टी मुद्दाम सोडतात, कारण कड झाकली जाते आणि काम वेगाने होतं.

ताई, तुमचं काम असं करा. ब्रिजभोवतीच्या टॉपवर रुंद मास्किंग टेप लावा, ब्रिज खुंट्यांवर बसवा, नव्या कोऱ्या टोकदार ब्लेडने त्याच्या कडेने टेप कापा. ब्रिज काढा, आतली टेप सोला. आता तुमच्यासमोर ब्रिजच्या आकाराची खिडकी आहे. या खिडकीच्या कडेपासून अर्धा मिमी आत लॅकरवर हलकी रेघ मारा. पुन्हा सांगतो, लॅकरवर. ब्लेड लाकडात उतरता कामा नये. मागच्या कडेला स्प्रूसचे तंतू आडवे कापले गेले की ती फाडायची तयार रेघ झाली. वर्षा-दोन वर्षांनी ब्रिज बरोबर त्या रेघेवरून टॉपचा पातळ पापुद्रा घेऊन उठतो. अशी गिटार दुरुस्त करताना मला फार वाईट वाटतं, कारण ज्याने कापलं त्याने नीटनेटकं काम करायच्या नादातच कापलेलं असतं.

थिनर अजिबात नको. तो टेपखाली झिरपतो, आणि विरघळलेलं लॅकर लाकडाच्या छिद्रांत आणखी खोल नेऊन बसवतो. खरवडायचंच. १२ मिमीची पटाशी चांगली परजून घ्या, उभी धरा आणि आपल्याकडे ओढत खरवडा. लॅकर पांढरी भुकटी होऊन निघतं. लाकूड लागलं की भुकटी थांबते आणि बारीक कुरळे केस यायला लागतात, तिथे थांबायचं. टॉर्च जवळजवळ आडवा धरून बघा, चमकणारा एकही ठिपका राहता कामा नये. लॅकरखाली सीलर मारला असेल तर तोही काढायचा.

सँडपेपर बोटाने घासू नका. स्प्रूसमध्ये मऊ आणि कडक रेघा एकाआड एक असतात. बोटाखाली मऊ भाग खोल जातो आणि पन्हाळी तयार होतात. घासायचंच असेल तर सपाट कडक ठोकळ्यावर पेपर चिकटवून, आणि अगदी थोडं. टॉप २.८ मिमीचा आहे, त्यातला पाव मिमीसुद्धा मोठा.

---

मिरजेची_तार | ११ जुलै, सकाळी ८:२०

वाचतोय आणि मजा येतेय. आमच्या घरात सतार-तंबोऱ्याचं काम चालतं. मिरजेची ही कला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी उभी केली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते.

आमच्याकडे घोडी, म्हणजे आमचा ब्रिज, तबलीवर (भोपळ्यावरची लाकडी फळी) तारांच्या दाबाने बसते. तारा घोडीवरून पुढे जाऊन भोपळ्याच्या बुडाशी लंगोटाला (तारा बांधायची जागा) बांधलेल्या, त्यामुळे घोडी खाली दाबली जाते. गिटारच्या तारा ब्रिजमध्येच अडकवलेल्या, म्हणून तुमची घोडी ओढली जाते. सुतारपक्षी म्हणतात ते मला या एका फरकावरून कळलं. पण घोडीचे पाय तबलीला बसवायची आमची पद्धत तीच : पाय आणि तबली यांच्यामध्ये उजेड दिसतोय तोवर घासत राहायचं. दिसायचा थांबला की घोडी बसली.

गोंदाबद्दल एक विचारतो. आमचे आजोबा सरस वापरायचे. रात्री पाण्यात भिजवायचा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. गिटारला चालतो का?

---

सुतारपक्षी | ११ जुलै, दुपारी १:०५

चालतो काय, जुन्या उत्तम गिटारी सरसावरच उभ्या आहेत. गिटार बनवणारे मार्टिन न्यूयॉर्कला आले १८३३ मध्ये, त्यांच्या त्या काळच्या गिटारी सगळ्या सरसाच्याच. साठ अंशांच्या आसपास ठेवायचा. वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, भाराखाली सरकत नाही, आणि पुढे कधी ब्रिज काढायची वेळ आली तर ऊब आणि ओलीने सुटतो. अडचण एकच : लावल्यापासून क्लॅम्प आवळेपर्यंत मिनिटभरही मिळत नाही. ब्रिज आधी कोमट करून घ्यावा लागतो आणि सगळी हालचाल दोन-तीनदा कोरडी करून हाताला बसवावी लागते. पहिल्या गिटारला मी सरस सुचवणार नाही. पिवळा टाइटबाँड घ्या, साधा मूळचा. पाण्याला टिकणारे पुढचे प्रकार नकोत, ते दुरुस्तीच्या वेळी त्रास देतात. सुतारकामाचा पांढरा गोंद सतत ओढ असलेल्या जागी हळूहळू सरकतो, मे महिन्यात बंद गाडीत तर नक्कीच. इपॉक्सीही नको, उद्या ते खरवडताना टॉपही जाईल.

आणि घोडीच्या ओढीवरून आठवलं. स्टीलच्या तारांचा भार वाढला तसा ब्रिजही मोठा होत गेला. १९३० च्या सुमारास मार्टिनने मागे पोट असलेला ब्रिज आणला. आज बहुतेक गिटारींवर दिसतो तो हाच आकार. त्या पोटामुळे मागच्या कडेला चिकटायची जागा वाढली. तीच जागा पॉलिशखाली घालवायची, हे मनाला पटत नाही.

---

बर्फातली_मैना | ११ जुलै, रात्री ११:५५

मिशिगनहून लिहितेय. इथे हिवाळ्यात हीटर लागले की घरातली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, टॉप आकसतो आणि फुगवटा कमी होतो. उन्हाळ्यात उलट. तुमच्याकडे जुलैत पुण्यात टॉप भरपूर ओल पिऊन फुगलेला असणार. आज त्या फुगवट्याला ब्रिज बसवला तर फेब्रुवारीत टॉप खाली बसेल आणि ब्रिज बसणार नाही, मग सांध्यात कायमचा ताण.

मी स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवते आणि ४५ ते ५० टक्क्यांतच ब्रिजचं काम करते. गॅलरीत नको ताई. एसीच्या खोलीत गिटार आठवडाभर राहू दे. आणि ब्रिज घासून बसवणं आणि चिकटवणं यात फार दिवस जाऊ देऊ नका.

---

अनुनाद | १२ जुलै, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मापक आणला : गॅलरीत ८६, बेडरूममध्ये एसी लावल्यावर ५२. गिटार आता बेडरूममध्ये आहे, नवऱ्याने विनातक्रार टेबल रिकामं करून दिलं.

मापं जुळली. दोरा लावल्यावर ब्रिज पाऊण मिमी खालच्या बाजूला सरकलेला निघाला, म्हणजे मी डोळ्यांनी लावली होती ती जागा चुकली असती. खुंट्या बसल्या.

फुगवट्याचं काय करू? टॉपला फुगवटा देणारा साचा (रेडियस डिश) २८ फुटांच्या त्रिज्येचा होता.

---

सुतारपक्षी | १३ जुलै, सकाळी ६:३०

२८ फुटांच्या त्रिज्येवर १५० मिमी लांबीला खोली येते मिमीचा एक तृतीयांश. थोडी वाटते, आणि क्लॅम्प ती सहज दाबून टाकतो. फसगत तिथेच होते. क्लॅम्प काढला की ब्रिजचे दोन्ही पंख, म्हणजे टोकं, वर उठायला बघतात आणि त्यांच्याखालचा टॉप खाली जायला. गोंदाला पहिल्या दिवसापासून तारांशिवाय या कुस्तीतही उतरावं लागतं.

ब्रिजच्या जागेवर टॉपवर ८० नंबरचा पेपर खरबरीत बाजू वर करून टेपने ताणून लावा. ब्रिजच्या तळाला पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारा. मग पेपरवर ठेवून एकाच दिशेने छोटे झटके द्या, उचला, परत तिथेच ठेवा. मागेपुढे घासलंत तर हात डुलतो आणि कडा गोल होतात. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या की १२० चा पेपर. शेवटी तळाला स्क्रॅपरची धार द्या.

आतही बघा. आरसा आणि टॉर्च साउंडहोलमधून घाला. ब्रिज प्लेट (ब्रिजच्या खाली टॉपला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) पूर्ण चिकटलेली आहे का, गोंदाचे ओघळ वाळून खडे झालेत का. आतून लावायचा ठोकळा त्या खड्यांवर टेकला तर प्लेटमध्ये खळगा पडेल.

---

अनुनाद | २० जुलै, सायंकाळी ७:४५

गेल्या आठवड्यात गप्प होते, कारण एक अपघात झाला.

खरवडायला बसले. तार-सप्तकाच्या बाजूचा अर्धा भाग लोण्यासारखा झाला. पांढरी भुकटी, मग अचानक पटाशीखाली कुरकुर थांबली आणि सोनेरी केस वळायला लागले. सुतारपक्षी, तुम्ही लिहिलं होतं तसंच. मग त्याच दिशेने दुसऱ्या अर्ध्यावर गेले आणि चौथ्या ओढीला कूस उठली. नखाएवढी लांब, एका टोकाला अजून चिकटलेली. पटाशी खाली ठेवली आणि दहा मिनिटं नुसती बघत बसले.

तुकडा तोडला नाही. खाली टूथपिकच्या टोकाने टाइटबाँड घातला, वर मेणकागद आणि ठोकळा ठेवून रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी पुन्हा खरवडलं तेव्हा ती जागा बोटाला लागत नव्हती. हे बरोबर केलं का? आणि एकाच टॉपवर एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला असं का?

---

सुतारपक्षी | २० जुलै, रात्री ८:३०

एकदम बरोबर केलंत. तुकडा आपल्या जागी परत बसला की त्याच्याइतकं चांगलं ठिगळ दुसरं नाही.

कारण असं : तुमचा टॉप म्हणजे एकच फळी चिरून पुस्तकासारखी उघडलेली. फळी चिरताना तंतू जरा तिरपे गेले असतील तर एका अर्ध्यात ते साउंडहोलकडे वर येतात, दुसऱ्यात खाली जातात. उजेडात टॉप फिरवून बघा, एक अर्धा गडद दिसेल, एक फिका, आणि गिटार उलटी धरली की रंग अदलाबदल करतील. म्हणून दोन अर्ध्यांवर पटाशीची दिशा उलट ठेवायची. हे मी आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं.

दर्यावर्दी, तुम्ही पुढे ब्रिज गरम करून काढाल तेव्हाही हेच. एका पंखाखाली सुरी पुढून घालायची, दुसऱ्याखाली मागून. आणि तुमच्या गिटारवर जाड पॉलिस्टर असेल तर ते असं खरवडलं जात नाही, टवके उडतात. तिथे घाई नको, फोटो टाका, मग बोलू.

---

अनुनाद | २७ जुलै, रात्री १०:३०

ब्रिज बसला.

घासून झाल्यावर कोरडाच क्लॅम्प लावला, तोही हलका. मग ट्रेसिंग पेपरची पट्टी कडेकडेने सरकवली. मागची कड बंद, पुढची बंद, पहिल्या तारेच्या पंखाखाली मात्र पट्टी तीन मिमी आत गेली. पुन्हा पेपर, आठ झटके. पुन्हा पट्टी. आता कुठेच शिरेना. मिरजेची_तार, मी उजेडाचीही परीक्षा घेतली : मागे टॉर्च, पुढे डोळा. काळोख.

चिकटवायच्या आधी ब्रिजचा तळ पुन्हा खरवडला. शिसवीचा तो गोडसर वास घरभर पसरला. फडक्याला अ‍ॅसिटोन लावून पुसलं, तेव्हा फडकं जांभळं झालं. चार फडकी बदलली. हे सगळं दुसऱ्या खोलीत केलं, कारण अ‍ॅसिटोनचा एक थेंब लॅकरवर पडला असता तर आठ हातांवर पाणी पडलं असतं. पाच मिनिटांत गोंद, खुंट्या, आत ठोकळा, वर तीन क्लॅम्प : आधी मधला, मग दोन पंख. कडेने गोंदाचे मणी सारखे आले. प्लॅस्टिकची स्ट्रॉ तिरपी कापून ते उचलले, मग ओल्या फडक्याने पुसलं. चोवीस तासांनी क्लॅम्प काढले, तारा तीन दिवसांनी चढवल्या.

आज तारा चढून चौथा दिवस. रोज सकाळी चहाआधी ती पट्टी मागच्या कडेला लावून बघते. शिरत नाही. बाराव्या फ्रेटवर पहिली तार बरोबर, सहावी दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी.

कपाटावरची बाबांची गिटारही खाली काढलीय. बोल्ट गंजलेत आणि नट आतून हाताला लागत नाही. सुतारपक्षीदादा, ते सोडवायला कुठून सुरुवात करू?

---

सुतारपक्षी | २८ जुलै, सकाळी ६:४०

सहावीसाठी सॅडलचा माथा किंचित मागे घासा, ब्रिजला हात लावायची गरज नाही.

बाबांच्या गिटारच्या टिकल्या आधी गरम सोल्डरिंगच्या टोकाने उबदार करून सुईने उचला, खाली स्क्रूचं डोकं असेल. तारा काढलेल्या हव्यात. गंजावर तेल टाकू नका, स्प्रूस ते पितो आणि मग तिथे गोंद धरणार नाही. त्याच टोकाने स्क्रूचं डोकं अर्धा मिनिट तापवा, गार होऊ द्या, मग फिरवा. आतला नट धरायला १० नंबरचा लांब पाना वाकवून घ्यावा लागेल, माझ्याकडे केलेला आहे, पत्ता निरोपातून कळवा, कुरियर करतो. ब्रिज लगेच उचलू नका. आधी मागच्या पोटाचा आणि आतल्या प्लेटचा फोटो टाका.